सिमेंटचं पहिलं घमेलं कालवण्याआधी: नागपुरातल्या जुन्या चर्चच्या पॅरिश कौन्सिलना खुलं पत्र

प्रति,
पॅरिश प्रीस्ट, पॅरिश कौन्सिल आणि इमारत दुरुस्ती समिती,
नागपूर-कामठी परिसरातली जुनी कॅथोलिक चर्चेस

आदरणीय फादर आणि समितीचे सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

जुन्या चर्चच्या दुरुस्तीचं कोटेशन बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचं येतं. जुनं प्लास्टर सरसकट उकरून सिमेंटचं नवं, आतून चार फुटांपर्यंत ग्रॅनाइट, वर वॉटरप्रूफ इमल्शन, खाली व्हिट्रिफाइड फरशी, माथ्यावर पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि आवारभर पेव्हर ब्लॉक. देणगीदार उभे राहतात, नाताळच्या आत सगळं चकाचक होतं. पण तुमच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतील, तर या यादीतली जवळजवळ प्रत्येक बाब त्या भिंतींना मारक आहे. म्हणून कामाचा आदेश देण्याआधी हे पत्र सभेत पूर्ण वाचावं, ही कळकळीची विनंती.

भिंत चुन्याची आहे की सिमेंटची, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. प्लास्टर फुटलं आहे तिथे विटांच्या सांध्यात खिळा फिरवा. चुन्याचा मसाला पांढरट किंवा पिवळसर दिसतो, त्यात सुरखीचे, म्हणजे विटेच्या पुडीचे, लाल कण असतात आणि खिळ्याने तो भुरभुर खाली येतो. सिमेंट राखाडी असतं, त्यावर खिळा नुसता घसरतो. खिळ्याने खरवडलं जातं म्हणून मसाला ‘मेला’ असं गवंडी सांगतात, ते खरं नाही. चुन्याचा मसाला विटेपेक्षा मऊच असायला हवा. भिंत थोडी हलली की ताण सांध्यात जिरतो आणि वीट वाचते.

ओल कशी चढते, ते एकदा नीट पाहू. जुन्या पायात ओल अडवणारा डांबराचा थर बहुधा नसतो. जमिनीतलं पाणी विटेतून वर येतं, दोन-तीन फुटांवर पोचेपर्यंत चुन्याच्या प्लास्टरमधून उडून जातं. जाताना त्यातला क्षार पृष्ठभागावर सोडतं. तोच आपण म्हणतो तो लोणा. हे प्लास्टर दहा-वीस वर्षांनी झिजणारच. भिंतीच्या वाटचं नुकसान ते स्वतःवर घेतं, त्याचं कामच ते आहे. त्याच जागी सिमेंट आलं की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी आणखी वर चढतं, क्षार प्लास्टरच्या मागे साठतो, त्याचे स्फटिक फुगतात आणि विटेचं तोंड पिठासारखं सुटतं. बाहेरून दोन-तीन वर्षं सगळं छान दिसतं. मग सिमेंटचा पापुद्रा ढलपीच्या ढलपी निघतो आणि त्याच्या पाठीला अर्धा इंच वीट चिकटून येते. ग्रॅनाइटचा पट्टा लावलेल्या चर्चमध्ये ओलीची रेघ नेमकी ग्रॅनाइटच्या वर, पाचव्या-सहाव्या फुटावर का दिसते, याचं उत्तर हेच. दर दुरुस्तीला पट्टा आणखी उंच करत नेणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

या भिंती अशा का बांधल्या, हे समजायला थोडा इतिहास हवा. कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली. तिथल्या पलटणी मद्रास फौजेतल्या होत्या, त्यामुळे इथल्या कॅथोलिक समाजात आयरिश सोल्जरांच्या बरोबरीने तमिळ कुटुंबं पहिल्यापासून आहेत. नंतर आले ते सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मिशनरी. फादर पीटर मर्मिये यांनी १८३८ मध्ये सॅव्हॉय प्रांतातल्या आन्सी इथे हा संघ काढला आणि १८४६ मध्ये त्याची माणसं विशाखापट्टणमला पोचली. त्यांना आपण सरसकट फ्रेंच म्हणतो, पण त्यांचा सॅव्हॉय प्रांत १८६० पर्यंत फ्रान्समध्ये नव्हताच, तो सार्डिनियाच्या राज्यात होता. आल्प्सच्या बर्फातली ही माणसं विदर्भाच्या उन्हात आली. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६७ मध्ये मुंबईकडची रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये सदरला एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) शाळा सुरू झाली. ११ जुलै १८८७ रोजी विशाखापट्टणमपासून वेगळा होऊन नागपूर धर्मप्रांत झाला आणि १९ सप्टेंबर १९५३ रोजी त्याचा महाधर्मप्रांत झाला. सेमिनरी हिल्स हे नाव तर अख्खं शहर रोज घेतं, ते तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं आहे.

बांधणारे परदेशी असले तरी साहित्य आणि हात इथलेच होते. पायाला काळा पाषाण, कुठे कामठीकडचा वालुकाश्म, वर भाजीव वीट, कंकराचा चुना, सुरखी आणि छपराला सागवान. रेल्वेमुळे मंगलोरी कौलं आणि लोखंडी तुळया आणणं सोपं झालं. आकार युरोपातला, टोकदार कमानी आणि क्रूसाच्या आकाराचा नकाशा, पण त्याला इथल्या हवेने वळण दिलं आहे. दीड-दोन फूट जाडीच्या भिंती दिवसभराचं ऊन आत यायला संध्याकाळ लावतात. उंच छपराखाली गरम हवा डोक्यावर राहते आणि वरच्या छोट्या खिडक्यांतून निघून जाते. व्हरांडा भिंतीवर थेट ऊन पडू देत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात बांधणाऱ्यांनी केलेली ही सोय फॉल्स सीलिंग घालून बुजवायची आणि मग एसीचं बिल भरायचं, हा सौदा तोट्याचा आहे.

भिंतीला बाहेरून जे जाड, उतरते खांब टेकलेले दिसतात, ते शोभेचे नाहीत. कमान आणि छप्पर भिंतीला बाहेर रेटत असतात, तो रेटा हे बट्रेस पायापर्यंत नेतात. पार्किंगला जागा हवी म्हणून बट्रेस छाटायचा विचार कोणी मांडला, तर तो त्याच सभेत फेटाळा. तसंच छपराच्या कैचीतली, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या तिकोनी सांगाड्यातली, आडवी लोखंडी सळई. ती पंख्याला किंवा सीलिंगला आड येते म्हणून कापली जाते. सळई कापली की कैचीचे पाय पसरतात आणि भिंतीचा माथा बाहेर झुकतो. ओळंबा सोडून पाहा. भिंत बाहेर झुकलेली असेल आणि कमानीच्या टोकाशी उभी भेग असेल, तर प्लास्टर बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सागवानाच्या तुळया मध्यभागी टणक असतात, कुजतात त्या भिंतीत रुतलेल्या टोकांशी. तिथे टोच्या घुसवून पाहा. अर्ध्या इंचापेक्षा सहज आत गेला, तर उधई किंवा सड आहे.

आता पाणी. खर्चाचा क्रम लावायचा तर पहिला रुपया पन्हळीवर जायला हवा. साधा हिशेब करा. छपराचं क्षेत्र २०० चौरस मीटर असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या तासात १० हजार लिटर पाणी उतरतं, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ हजार. पन्हळीत कडुनिंबाचा पाला आणि उतरत्या पाइपात कबुतराचं घरटं असेल, तर हे सगळं पाणी भिंतीच्या माथ्यावर आणि पायाशी जातं. मग आत जो डाग दिसतो त्याला आपण ‘भिंतीची ओल’ म्हणतो. डाग वरून खाली आला आहे की खालून वर गेला आहे, हे आधी पाहा. शंका असेल तर एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे.

आवाराची पातळी हे नागपुरातलं आणखी एक दुखणं. सिमेंट रोड झाले आणि कित्येक ठिकाणी रस्ता आवारापेक्षा उंच झाला. त्यावर उपाय म्हणून आवारात भराव घालून पेव्हर बसवले, की जोत्यातली हवा खेळायची भोकं मातीखाली जातात. पेव्हरखाली मुरणाऱ्या पाण्याला उडून जायला मोकळी जागा उरत नाही, ते पायाकडे वळतं. आतल्या फरशीचंही तसंच. जुन्या शहाबादी किंवा मातीच्या फरशीतून जमिनीची ओल थोडी थोडी निघत होती. त्यावर व्हिट्रिफाइड बसवली की ती सगळी भिंतीच्या कडेने वर येते. भिंतीलगत निदान दोन फूट पट्टा मोकळा सोडा, त्यात गिट्टी भरा, उतार बाहेरच्या बाजूला द्या. तिथे कुंड्या आणि हिरवळ नको. मदर मेरीच्या ग्रोटोभोवतीची बाग सुंदर दिसते, पण तिच्या रोजच्या पाण्याची नळी भिंतीपासून दूर ठेवा.

जिथे पाया काळ्या मातीत आहे, तिथे भेगांचा स्वभाव वेगळा असतो. ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, म्हणून मे महिन्यात रुंद दिसणारी भेग ऑगस्टमध्ये मिटते. मे महिन्याच्या सुट्टीत ती कडक सिमेंटने भरली, तर पावसाळ्यात तिला मिटायला जागाच उरत नाही, आणि शेजारची धड भिंत फुटते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा, दर महिन्याला अंतर मोजा, असं वर्षभर करा. आकडा वरखाली होऊन मूळ जागी येत असेल, तर भेग ऋतूबरोबर हलते. तिला मऊ चुना पुरतो, आणि जवळचा सेप्टिक टँक किंवा नळ गळतोय का हेही पाहावं. आकडा दर महिन्याला वाढतच गेला, तर पाया खचतोय.

या सगळ्यानंतर प्लास्टर. भिंतीवर लाकडी हातोडीने हलकं ठोकत जा. पोकळ वाजेल तेवढंच काढा, भरीव वाजतं ते राहू द्या. चौरस फुटाच्या दराने ठेका दिला की ठेकेदार सगळंच उकरतो, कारण त्याचं बिल त्यावरच आहे. सांधे हातछिन्नीने इंचभर खोल साफ करा. ग्राइंडर लावू नका, त्याने विटेच्या कडा कापल्या जातात. कळीचा चुना विरवून, चाळून, पाण्याखाली निदान महिनाभर ठेवा, शेवटच्या पातळ थरासाठी तीन महिने. साधं प्रमाण एक भाग चुन्याच्या लोण्याला, म्हणजे या मुरलेल्या ओल्या चुन्याला, तीन भाग वाळू. ओलीच्या भागात वाळूतला एक भाग सुरखीने बदला. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी, जळून काळपट झालेल्या विटेची पूड चुन्याशी संयोग पावत नाही, ती नुसती भर होते. पूर्वी हे मिश्रण घाणीत दळत आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. आता घाणीच्या जागी रोलरची गिरणी चालते, पण फावड्याने दोनदा परतून भागत नाही. बाजारातला पोत्यातला चुना घेणार असाल, तर आयएस ७१२ या भारतीय मानकाप्रमाणे तो कोणत्या वर्गाचा आहे ते विचारा, उत्तर आलं नाही तर घेऊ नका.

मालाचा अंदाज असा: १०० चौरस मीटर भिंतीला २० मिलिमीटर जाडीने नासाडी धरून सुमारे अडीच घनमीटर मसाला लागतो, त्यात चुन्याचं लोणी ८०० ते ९०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे चार-साडेचार ड्रम. ते आज मागवून उद्या मिळत नाही. थर एका वेळी १० ते १२ मिलिमीटरचा, आधी भिंत भिजवून. पहिला थर नखाने दाबला तर खूण पडते पण बोट रुतत नाही, अशा वेळी त्यावर ओरखडे मारून दुसरा द्यायचा. मग गोणपाट टांगून दोन आठवडे ओलावा राखायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. एप्रिल-मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात तो एका दुपारी कोरडा होतो, पण घट्ट होत नाही, आणि हात लावला की पावडर होऊन गळतो. मग ‘चुना टिकत नाही’ असा बोभाटा होतो. दोष हंगामाचा असतो. आपल्याकडे चुन्याच्या कामाचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. म्हणजे नाताळच्या वेळी बांबूची परांची उभी असेल. त्या वर्षी येशूजन्माच्या देखाव्याची गोशाळा परांचीच्या शेजारी मांडावी, हे लोकांना आधीच सांगून ठेवा. रंग म्हणून चार-पाच पातळ हात सफेदीचे, भिंत प्रत्येक वेळी ओली करून. भिंतीत श्वास राहील असं सांगून विकला जाणारा प्लास्टिक रंग लावून पाहायचा मोह टाळा.

कौलं काढून रंगीत पत्रे घालण्याबद्दल थोडक्यात. पत्रा हलका असतो, म्हणून वादळात वरून ओढला जातो, आणि पावसात मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकू येत नाही. मंगलोरी कौलं चौरस मीटरला सुमारे पंधरा बसतात, फुटलेली तेवढी बदला. जुन्या इमारती पाडल्या जातात तिथून मापाची कौलं मिळतात.

काही गोष्टी दिसायला लहान आहेत, पण एकदा गेल्या की परत येत नाहीत. विधिपूर्वक अभिषेक झालेल्या चर्चच्या आतल्या भिंतींवर बारा जागी, कधी चार जागी, क्रूस असतात, त्यांच्याजवळ मेणबत्तीची छोटी कोनाडी किंवा लोखंडी आकडा. बिशपांनी पवित्र तेल लावलेल्या त्या जागा. रंगाच्या थरांखाली त्यांचा फक्त उंचवटा उरतो आणि गवंडी तो ‘लेव्हल’ करून टाकतो. काम सुरू होण्याआधी बॅटरी भिंतीला समांतर धरून रात्री एक फेरी मारा. तिरक्या उजेडात हे उंचवटे लख्ख दिसतात. तसंच जुनी मुख्य वेदी. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदी लोकांसमोर आली, आणि मागची जुनी वेदी अडगळ वाटू लागली. तिच्या मधल्या दगडावर पाच छोटे क्रूस कोरलेले असतील, तर आत संतांचे अवशेष असण्याची शक्यता आहे. तिथे छिन्नी लावायची नाही.

हे फक्त आमचं मत नाही. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याचं, कलम १२१६ सांगतं की चर्च बांधताना आणि दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कलम ११८९ प्रमाणे जुनेपणामुळे, कलेमुळे किंवा भक्तीमुळे मोलाच्या ठरलेल्या प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. पुतळ्यांना दर सणाला एनॅमल पेंट मारणाऱ्या उत्साही मंडळींना हे प्रेमाने दाखवा. कलम ५३५ जुनी रजिस्टरं काळजीपूर्वक जपायला सांगतं. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या त्या लॅटिन नोंदींत कामठीच्या तमिळ कुटुंबांची नावं आहेत. त्यांना लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही विष आहे. फ्लॅश बंद करून प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि फरशीचं काम चालू असेल तेव्हा कपाट दुसऱ्या खोलीत हलवा.

घंटेबद्दल एवढंच: ती काशाची असते, चार भाग तांबं आणि एक भाग कथिल. तडा गेला तर साधं वेल्डिंग करू नका, तडा वाढतो. लोलक वर्षानुवर्षं एकाच जागी आदळून खळगा पडला असेल, तर घंटा पाव फेरा फिरवून टांगतात. तिच्या अंगावर उठावाची अक्षरं असतात, कधी साल, कधी ओतणाऱ्याचं नाव. रंग देण्याआधी पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून ती उतरवून घ्या. खरं तर तिला रंग देऊच नका.

देणगीदारांचा प्रश्न आम्हाला कळतो. ग्रॅनाइटवर नाव कोरता येतं, पन्हळीवर नाही. तरी पन्हळीच्या मीटरला, चुन्याच्या ड्रमला, कौलांच्या शेकड्याला देणगीचा आकडा लावून बोर्डावर लिहा. माणसं कौलंही देतात, मागायला हवीत.

आमचं मागणं असं. हातात असलेलं कोटेशन या वर्षी मंजूर करू नका. मृग लागायच्या आत पन्हळी आणि उतरते पाइप मोकळे करा, फुटकी कौलं बदला, भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवा. पावसाळ्यात दर रविवारी मिस्सानंतर एकाने आत-बाहेर फेरी मारून डागांच्या कडा पेन्सिलीने आखाव्यात. दसऱ्यानंतर चुना विरवायला टाका. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तरेकडच्या भिंतीवर, लोकांच्या नजरेआड, एक मीटर लांब-रुंद चौकोन करून बघा. पुढच्या पावसाळ्यात तो चौकोन आणि शेजारचं सिमेंट दोन्हीवर हात ठेवून पाहा, मग ठेका द्या.

आपले,
जुन्या चुन्याच्या इमारतींचं काम करणारे नागपुरातले काही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि गवंडी